नमुना आठमधला हौद

मंगळवार, ता. ८ मार्च १९८३

गुलाब,

वर रामराम लिहावा की जयभीम, ठरेना. म्हणून नुसतं नाव लिहून सुरुवात करतो.

काल सकाळी मी सगळ्यांच्या आधी ग्रामपंचायतीत गेलो. केर काढला, खंडोबाच्या तसबिरीपुढं उदबत्ती लावली आणि लोखंडी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात जुनी दप्तरं लाल रुमालात बांधलेली असतात. बावीस वर्षं ती मीच बांधतो. माझी गाठ सपाट असते, दोन्ही टोकं आत खोवलेली, उंदराला ओढायला काही सापडू नये म्हणून. काल त्र्याहत्तर सालच्या दप्तराची गाठ निराळी होती. भाकरीच्या फडक्याला मारतात तशी, दोन कान वर काढलेली.

रुमाल सोडला. नमुना आठची वही, म्हणजे कुठल्या जागेवर कुणाचं काय उभं आहे त्याची नोंदवही, वरच होती. फाट्यावरच्या जागांच्या पानात खुणेला एस.टी.चं तिकीट घातलेलं. इथून उस्मानाबादला जेवढं भाडं पडतं, तेवढ्या किमतीचं. कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक माझ्या करदोट्याला, दुसरी सरपंचांकडं.

मी वही होती तशी ठेवली आणि गाठही तशीच मारली, दोन कान वर काढून. ज्यानं उघडली त्याला कळू नये की मला कळलं आहे.

दुपारी फाट्यावर निंगव्वाच्या खानावळीच्या कुडाला नोटीस डकवली. ती अशी: सदर जागा ग्रामपंचायतीच्या दप्तरी सार्वजनिक हौद म्हणून नोंदलेली असून तिच्यावर खानावळीचे अतिक्रमण झाले आहे. हरकत असल्यास ता. ६ एप्रिल रोजी तुळजापूर येथे तहसीलदारांपुढे हजर राहावे, अन्यथा शेड काढून टाकण्यात येईल. अर्जदार, आपली सोसायटी.

पलीकडं साखर कारखाना उभा राहिल्यापासून फाट्याला भाव आला आहे, हे तुला उस्मानाबादेत बसूनही कळलं असेल. सोसायटी तिथं व्यापारी संकुल बांधणार. वीस गाळे, वर लॉजिंग, खाली फरशीचं हॉटेल. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला आलेली आणि काम संपल्यावर इथंच चुली मांडून राहिलेली माणसं आता लोकांच्या डोळ्यांत खुपतात. गावातली पोरं म्हणतात, चांगल्या माणसानं बसावं असं एक ठिकाण नाही. हुमनाबादच्या कादरभाईची चहाची टपरी आणि अक्कलकोटकडच्या रेवणसिद्धाचा भज्यांचा गाडा नमुना आठला नोंदलेला आहे, म्हणून त्यांना मागच्या अंगाला एकेक गाळा मिळणार. उसाची गाडी तिथं वळतही नाही, पण मिळणार. निंगव्वाला तेवढंही नाही. तिचा नवरा शरणबसप्पा जाऊन सहा वर्षं झाली, बाई एकटीच आहे. कोपऱ्याची, दोन्ही रस्त्यांना तोंड असलेली जागा तिचीच आणि वहीत तिच्या जागी हौद आहे.

तो हौद तिथं कसा आला, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. नोंद घ्यायला आलेल्या माणसानं विचारलं, बाई, ही खानावळ तुमचीच का? बाई कानडीत हो म्हणाली, "हौदु." वहीत हौद उतरला. त्या वेळी तू टेपाचं दुसरं टोक धरून होतास.

सरळ विचारतो. सोसायटीच्या चेअरमनला, महारुद्रला हे तू सांगितलंस का? तुझ्या भावाच्या, कोंडिबाच्या अर्जाचा राग तुझ्या मनात असेल, तर तो माझ्यावर काढायचा होता. निंगव्वानं तुझं काय घेतलं?

हे पाकीट मी नळदुर्गला जाऊन टाकणार आहे. इथल्या पेटीवर माझा भरवसा नाही.

गोरोबा


सोमवार, ता. १४ मार्च

गुलाब,

उत्तर नाही. उत्तर न देणं हेही उत्तरच असतं, असं मी धरून चालत होतो. आता तेही खात्रीनं म्हणवत नाही.

आठवडाभरात मी फार कमी बोललो आणि फार ऐकलं. बुधवारी कादरभाईच्या बाकावर बसलो होतो. रेवणसिद्ध कढईतलं तेल निथळत म्हणाला, "हौद कुठं हाय म्हणं? दहा वर्षं भजी तळतुय इथं. एक म्हैस पाणी प्यायला आली न्हाय."

कादरभाई म्हणाला, "कागज पो लिखा है तो होइंगाच जी. हमना दिसता नै, हमारे नजर का कसूर."

"मंग निंगव्वा काय पाण्यावर तरंगून भाकरी थापती का?"

दोघं हसले. मग कादरभाईनं माझ्या पुढ्यात चहाचा ग्लास ठेवला आणि हळूच विचारलं, "गोरोबाभाई, वो दिन लिखने को तुमीच आये थे ना?"

मी म्हणालो, "आठवत न्हाय."

"हौ," तो म्हणाला. "बहोत दिन हो गये." आणि दुसरीकडं बघू लागला. त्याला आठवतं, असं मला वाटलं. मग तो हे आजवर का बोलला नाही? त्याला मागचा का होईना गाळा मिळतोय म्हणून?

गुरुवारी निंगव्वानं घरी शेंगाचटणीचा डबा पाठवला. का पाठवला? माझ्या हातात दप्तर आहे म्हणून असेल. नाहीतर आमच्या जाईबाईनं एकदा तिच्याकडं कृती विचारली होती, तेवढ्यासाठीही असेल. जाईबाई म्हणाली, "तुमी डब्यात बी कागुद हुडका आता." डबा मी परत पाठवला. आज तेही बरोबर केलं असं वाटत नाही.

शुक्रवारी महारुद्र ग्रामपंचायतीत आला. सोसायटीचा चेअरमन झाल्यापासून तो पायात चप्पल वाजवत नाही, कधी येऊन उभा राहतो कळत नाही. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा, नेहमी अदबीनं बोलतो. तसबिरीला हात जोडले आणि म्हणाला, "आण्णा, दप्तर तुमचं लई टापटीप. धा वर्षांमागचं पान बी लगेच घावतं."

"तुमाला कंचं पान लागलं?"

"मला कशाला लागतंय. म्या आपलं कौतुक केलं." मग कपाटाकडं न बघता म्हणाला, "तुमचे जावई काय करत्यात म्हणला?"

"शेती."

"कोरडवाहू?"

"व्हय."

"हं," म्हणाला, आणि माझ्या हातावर बत्तासा ठेवून गेला. एवढंच झालं. जावयाची चौकशी केली, बाकी काही नाही.

एक गोष्ट मागच्या पत्रात नीट लिहिली नाही. नोंद घ्यायला आलेला माणूस असं लिहिलं. तुला ते वाचून हसू आलं असेल. वही माझी होती, टाक माझा होता, अक्षर माझं आहे. हौद मी लिहिला. हौदाला खासगी मालक नसतो, म्हणून पुढच्या रकान्यात ग्रामपंचायत हेही मीच लिहिलं. संध्याकाळी तू मला अर्थ सांगितलास, "अरं, ती व्हय म्हणत हुती," आणि आपण पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी खोडायला हवं होतं. खाडाखोडीवर सरपंचांची सही लागते, सही मागायची तर चूक सांगावी लागते, चूक सांगितली तर कामावरून काढतील, अशी ती साखळी. दुष्काळाचं साल. त्यानंतर दर चार वर्षांनी वही नव्यानं उतरवली तेव्हा मी हौदही उतरवला. पुन्हा त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. हात लिहीत गेला.

आता तू सांग. एवढं मी कबूल केलं आहे.

गोरोबा


बुधवार, ता. २३ मार्च

गुलाब,

तुझं कार्ड मिळालं. कार्ड उघडं असतं. टपालवाल्या शांतलिंगनं ते माझ्या हातात देताना अशी मान खाली घातली की त्यानं ते दोनदा वाचलं असणार. तू मुद्दाम कार्ड पाठवलंस, असाही संशय आला. मीही आता ते एवढ्या वेळा वाचलं आहे की पाठ झालं.

"गोरोबा, तिकीट माझं नाही. उस्मानाबादहून तिकडं रोज तीस माणसं येतात, त्यांत तुला मीच दिसलो. महारुद्रला मी ओळखत नाही. कोंडिबाच्या चहाच्या टपरीसाठी ज्या फाट्यावर जागा उपलब्ध नाही असं तू लिहून दिलंस, तिथंच आता वीस गाळ्यांना जागा निघाली हे वाचून आनंद वाटला. जागा वाढते वाटतं तुमच्याकडं. हौदाचं मी कुणाला सांगितलं नाही. तू कुणाला सांगितलंस ते आठव. आणि एक. कादरभाईही त्या दिवशी हो या अर्थी 'हौ' म्हणाला होता. त्याच्या नावापुढं हौद का नाही लिहिलास?"

पहिल्या दिवशी मला फार राग आला. दहा वर्षांचा मित्र म्हणून एक शब्द नाही, तब्येत विचारली नाही, नुसती उलटतपासणी. जाईबाईला म्हणालो, यानंच सांगितलं असणार, म्हणून एवढा तोऱ्यात लिहितो.

ती शेवया वळत होती. म्हणाली, "समद्यावर संशय घेतलाव, आता माझ्यावर बी घ्या. संक्रांतीनंतरच्या ऐतवारी अणदूरहून महारुद्राच्या जीपमधून उतरलाव, तवा घरात शिरंपतुर हसत हुताव. म्या इचारलं काय झालं, तर म्हणलाव, हौदाची गंमत सांगितली चेअरमनला. ते म्या सांगितलं का जाऊन?"

मी उठून अंगणात गेलो.

ते मला आठवत नव्हतं असं नाही. ते मी आठवू देत नव्हतो. त्या रविवारी देवदर्शन करून मी पायी निघालो होतो. मागून जीप आली. "आण्णा, बसा म्होरं," म्हणाला. गावातली माणसं बघत होती. पुढच्या सीटवर बसायची माझी ती पहिलीच वेळ. अशा वेळी माणसाला वाटतं, आपणही काही द्यावं. माझ्याजवळ देण्यासारखी ती एकच गोष्ट निघाली. मी सांगितली. हावभाव करून, तिच्या आवाजात, "हौदु, हौदु." महारुद्र इतका हसला की त्यानं जीप रस्त्याच्या कडेला घेतली आणि डोळे पुसले. मग विचारलं, "आन् आजूक बी तसंच हाय व्हय वहीत?" मी म्हणालो, "तसंच." माझं बोलणं ऐकून कुणी तसं हसून लई दिवस झाले होते.

तिकिटाचंही कळलं. सरपंच त्या आठवड्यात जिल्हा परिषदेत गेले होते, एस.टी.नं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम जुनी तिकिटं असतात. मला हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. मला आधी तू सुचलास.

कादरभाईच्या 'हौ'चं उत्तर आज देत नाही. देता येतं, पण आज नाही.

गोरोबा


शनिवार, ता. २ एप्रिल

गुलाब,

सुनावणीला चार दिवस उरले. म्हणून आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

कादरभाईच्या टपरीत मी आत गेलो होतो. चहा घेतला, किटली बघितली, खारीचा डबा बघितला. त्याचं 'हौ' मी कानानं ऐकलं आणि डोळ्यांनीही ऐकलं. चहाची टपरी असं लिहिलं. निंगव्वाच्या खोपटात मी पाऊल टाकलं नाही. आतून भाकरीचा वास येत होता. आत गेलो असतो तर तिनं जेवा म्हटलं असतं आणि ती कुठली, कुणाची, मला ठाऊक नव्हतं. खडी फोडणारी, कानडी बोलणारी, अंगावर धुळीचं लुगडं. रविवारचा माझा उपास आहे असं सांगता आलं असतं, पण तो मंगळवार होता आणि मी देवाच्या नावानं खोटं बोलत नाही. म्हणून बाहेर उभा राहिलो. पाच हातांवर चूल पेटलेली होती आणि मी हौद लिहिला. तू आत गेलास, खाली बसलास, जेवलास. म्हणून तुला कळलं ती काय म्हणाली ते.

पुढं कळलं की ती लिंगायताची. म्हणजे माझ्या हिशेबानंही चाललं असतं. पण ते कळल्यावर मला जो आनंद झाला, त्याचीच मला आता लाज वाटते.

आणि कोंडिबा. सरपंच म्हणाले होते, "त्याच्या हातचा च्या कोण पिणार? गावात उगी कालवा. लिहा, जागा न्हाय." अठ्ठ्याहत्तर साल, सगळीकडं वातावरण तापलेलं. मी स्वतःला सांगितलं, भांडण टळावं म्हणून लिहितो. पण लिहिताना माझ्या मनात आलं होतं की, बरं झालं, आता मला त्याच्याकडं प्यायचा की नाही हे ठरवावं लागणार नाही. तुझ्या भावाला मी एवढ्यासाठी घालवला. हे मी कुणापुढं बोललो नाही. देवापुढंही आडून आडून बोललो.

परवा गुरुवारी दुपारी, गाडीवानांची पंगत उठल्यावर, निंगव्वाकडं गेलो. परातीत पीठ मळत होती.

"अव्वा, बसू का?"

"बसा की. कदी बसला न्हाय."

मी सगळं सांगितलं. जीपसकट. तिनं पीठ मळणं थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हंजे म्या व्हय म्हनलं, तुमी हौद लिवलं."

"व्हय."

"आन् इल्ला, म्हंजे न्हाय, म्हनलं असतं तर? किल्ला लिवला असता?"

मला हसू आलं. तिला आलं नाही. तिनं हात पुसले आणि माझ्याकडं नीट बघितलं. "कोण पाठवलं तुमाला? महारुद्रआप्पा?"

"कुणी न्हाय पाठवलं."

"कागुद आणलाय? अंगठा पाहिजे?"

"न्हाय अव्वा."

"मग भीती घालायला आला. व्हय?"

महिनाभर मी ज्या नजरेनं सगळ्यांकडं बघत होतो, ती नजर मला पहिल्यांदा समोरून दिसली. मी काय बोललो असतो तर तिला खरं वाटलं असतं, हे मला अजून सुचलेलं नाही.

ती म्हणाली, "त्या दिवशी दोन ताटं वाढली हुती. एक तुमच्या दोस्ताला, एक तुमाला. तुमी भाईर. तुमचं ताट आमच्या मालकानं रात्री खाल्लं." तिनं परात बाजूला सारली. "मला सांगून काय व्हनार? साहेबापुढं सांगा. तितं सांगितलं तर खरं. आज जेवा म्हनत न्हाय तुमाला. राग न्हाय. पन म्हनत न्हाय."

मी उठलो.

जबाब लिहायला घेतला आहे. आणखी एक लपवलं होतं तेही लिहून टाकतो. गाळ्यांच्या यादीत अकराव्या नंबरला माझ्या जावयाचं नाव आहे. महारुद्रनं मला विचारलं नाही, मीही त्याला नाही म्हटलं नाही. बत्तासा तोंडात विरघळेपर्यंत मला कळलं होतं कशाचा आहे तो. काल लेकीच्या घरी जाऊन सांगून आलो. लेक म्हणाली, "दादा, तुमाला सत्य आमच्याच वक्ताला सुचतंय." धुरपता लहानपणापासून असं नेमकं बोलते.

माझ्या एकट्याच्या जबाबावर तहसीलदार विश्वास ठेवतील असं वाटत नाही. म्हणतील, म्हाताऱ्याला बाईनं जेवू घालून फिरवलं. टेपाचं दुसरं टोक धरणारा माणूस लागतो. ये असं म्हणायचा मला अधिकार नाही. बुधवार, सकाळी अकरा, तुळजापूर तहसील.

गोरोबा


गुरुवार, ता. ७ एप्रिल

गुलाब,

तू आलास. मागच्या बाकावर, दाराजवळ बसला होतास. केस पांढरे झालेत तुझे. माझ्याकडं बघितलं नाहीस, तेही बरोबरच होतं. तू माझ्यासाठी आला नव्हतास.

तू सगळं ऐकलंस, तरी लिहितो, कारण मला माझं बोलणं त्या वेळी ऐकू येत नव्हतं. महारुद्र म्हणाला, "साहेब, आण्णांचं वय झालं. सादे हायेत. कुणी बी काय बी सांगतंय."

साहेबांनी वय विचारलं. मी सांगितलं, एकोणपन्नास. खोलीत हसू फुटलं.

"मग हौद कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

"कुठंच नाही साहेब. कधीच नव्हता. मी आत जाऊन बघितलं नाही."

"का नाही बघितलं?"

कामाची घाई होती, असं म्हणता आलं असतं. साहेबांनी तेच लिहून घेतलं असतं. मी म्हणालो, "तिच्या हातचं खावं लागेल म्हणून." कारकुनाची लेखणी थांबली. साहेब म्हणाले, "लिहा, जसं सांगतात तसं."

मग तू उठलास. चारच वाक्यं बोललास. "मी त्या दिवशी आत जेवलो. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी होती. पीठ दुष्काळातल्या रेशनच्या मिलोचं नव्हतं, बाईनं गावाकडून आणलेलं होतं. हौदात चूल पेटत नाही साहेब." निंगव्वानं तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं.

नोटीस रद्द झाली. जागेवर जाऊन पंचनामा करायचा आणि नमुना आठला खानावळ, निंगव्वा शरणबसप्पा, अशी दुरुस्ती करायची, असा हुकूम लिहून मिळाला. संकुल थांबणार नाही, पण तिची जागा घ्यायची तर आता तिला दुसरी जागा दाखवावी लागेल आणि ती कोपऱ्याला कोपरा मागेल, असं ती बाहेर कादरभाईला सांगत होती. पंचनाम्याला कोण येतं, काय लिहितं, यावर माझा अजून भरवसा नाही. मी तिला सांगितलं, येणाऱ्याला आत घ्या आणि बसवा, बाहेरून लिहू देऊ नका. ती म्हणाली, "ते म्या शिकले आता."

महारुद्र जिन्यात भेटला. म्हणाला, "आण्णा, जीपमधी बसवलं ते इसरलाव." मी म्हणालो, "तेच तर आठवलं." तो गेला. सरपंचांनी संध्याकाळी माणूस पाठवून कपाटाची किल्ली मागवली. करदोट्याची गाठ बावीस वर्षांत घट्ट बसली होती, सुरीनं कापावी लागली. चौकशी होईपर्यंत घरी बसा, असा निरोप आहे. जाईबाईनं विचारलं, आता काय करणार? मी म्हणालो, बघू. ती म्हणाली, "बघू म्हणजे बाहेरून नको."

तू उस्मानाबादची दीडची गाडी धरलीस. मी जिन्यावरून बघितलं. हाक मारली नाही. कारण माझ्या पिशवीत आणखी एक कागद होता आणि तो दिल्याशिवाय तुझ्यापुढं उभं राहायची इच्छा नव्हती. सकाळी साहेबांपुढं तो ठेवला तेव्हा ते म्हणाले होते, हा आजचा विषय नाही. म्हणून सगळे गेल्यावर मी आवक-जावकच्या खिडकीवर गेलो.

कागदावर असं लिहिलं आहे: सन १९७८ मध्ये कोंडिबा यांनी फाट्यावर चहाची टपरी मांडण्यासाठी केलेल्या अर्जावर 'जागा उपलब्ध नाही' हा शेरा मी माझ्या हातानं लिहिला. जागा होती. शेरा खोटा आहे हे लिहिताना मला माहीत होतं. फाट्यावर आता जागा देताना हा अर्ज पहिला धरावा.

खिडकीतला कारकून वाचून म्हणाला, "ह्याचा आता काय उपेग? मुदत गेली. आन् तुमी सोताच सोताची नोकरी घालवताय."

"शिक्का मारा," मी म्हणालो.

"कुणी लिहायला लावलं तुमाला?"

"कुणी न्हाय."

त्याला ते खरं वाटलं नाही. तू म्हणशील, पुण्य लागावं म्हणून केलं. तसा संशय मलाही आहे, आणि तो खोटाच आहे असं छातीठोक सांगता येत नाही. पण कागद आत गेला. त्यानं शिक्का मारला, तारीख घातली, आवक क्रमांक ४१२, आणि दोन नकलांवरही मारून दिला.

एक नक्कल तुझ्यासाठी आहे. दुसरी कोंडिबाची. त्याचा सोलापूरचा पत्ता माझ्याजवळ नाही, म्हणून दोन्ही याच पाकिटात घातल्या आहेत. पाकीट आज इथल्याच पेटीत टाकतो.

गोरोबा